पावसाळ्याआधी चर्चसेवेच्या पाळ्या लावताना

बायबलमधल्या एज्रा या शास्त्र्याबरोबर बाबेलहून यरुशलेमेला निघालेल्यांत एकही लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाचा माणूस, नव्हता. निरोप पाठवल्यावर ३८ लेवी आले आणि त्यांच्या हाताखाली काम करणारे नथीनीम आले २२०. मंदिरात पडेल ते काम करणारी ही माणसं. लाकडं तोडायला आणि पाणी भरायला इस्राएलाचा पुढारी यहोशवा याने नेमलेल्या गिबोन गावच्या लोकांचे ते वंशज, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. त्या २२० जणांबद्दल एज्रा आवर्जून सांगतो, की सगळ्यांची नावं नोंदलेली होती.

म्हणून आधी पाळ्यांची वही करा. ‘युवक मंडळ झाडेल’ असं लिहिलं की कुणीच झाडत नाही. दर आठवड्याला दोन नावं लिहा, एक जाणतं आणि एक नवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा कोळी घरांच्या पाळ्या त्या दोन महिन्यांत ठेवा. शेतकऱ्यांना लावणीच्या दिवसांत सोडा, ऑगस्टनंतर त्यांना घ्या. नथीनीम ओफेल टेकडीवर, मंदिराला लागूनच राहत. दारं-खिडक्यांची जबाबदारीही जवळच्या घराकडेच हवी, कारण वाऱ्यासकट सर आली की लांबच्या माणसाला पोचेपर्यंत बाकं भिजलेली असतात.

मे महिन्यातच फुटकी कौलं बदलून पन्हळी मोकळ्या करा. जांभ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ हे सगळ्यात धोक्याचं, म्हातारी माणसं तिथेच घसरतात. १० लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम ब्लिचिंग पावडर कालवा, हातमोजे घालून पायऱ्यांवर ओता, १५ मिनिटांनी खराट्याने घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. तारेचा ब्रश नको. त्याने दगड खरवडला जातो, पाणी अधिक मुरतं आणि शेवाळ लवकर परततं. ब्लिचिंगमध्ये ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

पितळेला चिंचेचा कोळ लावा, लगेच धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. आंबट अंश राहिला तर खाऱ्या हवेत हिरवट डाग धरतात. लॅकर (चकाकी टिकवणारा पारदर्शक लेप) चढवलेल्या वस्तूंना मात्र चिंच लावू नका. गीतांची पुस्तकं भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. ती प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर आतला ओलावा आतच राहून बुरशी येते, उघडीप मिळाली की वाऱ्यावर उघडी करून ठेवणं बरं. दाराशी गोणपाट आणि छत्र्यांसाठी बादली हवीच. फरशी पुसायची ती उपासनेच्या आदल्या दिवशी, घट्ट पिळलेल्या फडक्याने. सकाळी पुसलेली आषाढात वाळत नाही.

बायबलच्या ‘१ इतिहास’ या पुस्तकात लेवी द्वारपाळ सेवेची पात्रं मोजून आत आणत आणि मोजून बाहेर नेत. तसंच प्याले, मेणबत्त्यांच्या समया, दानाच्या थैल्या प्रत्येक पाळी बदलताना दोघांनी मिळून मोजाव्यात आणि आकडा वहीत लिहावा. यात कुणावर संशय नसतो, उलट पुढच्या जोडीवरचं ओझं उतरतं.

आणि झाडू, फिनेल, फडकी सेवा करणाऱ्यांच्या खिशातून आणवू नका. एज्राला पाठवणाऱ्या पारसाच्या अर्तहशश्त राजाने नथीनीमांना कर माफ केला होता. हा खर्च मंडळीच्या खात्यातून व्हावा, नाहीतर हातावर पोट असलेलं घर न बोलता दुसऱ्या पाळीला येणं बंद करतं.