टेस्टिंगला निघण्याआधी: मुंबईच्या गाळ्यात उरकायची कामं

मुंबईत रेसिंग सर्किट नाही. सीझनआधी टायर टेस्टिंग करायचं तर गाडी ट्रकवर चढवून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला नाहीतर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला न्यावी लागते. चेन्नईचा रस्ता सुमारे १,३०० किलोमीटरचा, आणि पोहोचल्यावर ट्रॅकचा एकेक तास महाग. म्हणून पान्ह्याने, दोऱ्याने आणि वजनकाट्याने जे होतं ते सगळं इथेच उरकायचं. ट्रॅकवरचा वेळ टायरचा. पुढची यादी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या सलून गाडीची आहे.

सुरुवात जमिनीपासून. गाळ्याची फरशी बहुतेक वेळा मोरीकडे उतरती असते, डोळ्यांना ते कळत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, चारही चाकांच्या जागी पातळी बघा, कमी पडेल तिथे विनाइल टाइलचे तुकडे ठेवा आणि त्या जागा रंगाने आखून ठेवा. यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या, कारण फरशी वाकडी असेल तर पुढचा एकही आकडा खरा नाही.

मग चार काट्यांवर गाडी, प्रत्येक चाकाखाली एक. ड्रायव्हर हेल्मेटसकट सीटवर, किंवा त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या. टाकीत निम्म्या रेसला उरेल तेवढं पेट्रोल. अँटी-रोल बारची (वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याची) एक लिंक सोडलेली. स्प्रिंगची उंची बदलणाऱ्या रिंगा फिरवून पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक मिळून एकूण वजनाच्या ५० टक्क्यांच्या जवळ आणायचं. दर बदलानंतर गाडी दाबून, पुढेमागे ढकलून सस्पेन्शन बसू द्या, मगच काटा वाचा. कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर झुकाव) आधी, टो (वरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर वळलेला रोख) सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतो. टोसाठी दोन्ही बाजूंना समांतर दोरा ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून पट्टीने मोजलं तरी मिलिमीटरचा फरक पकडता येतो. डँपरचे (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे) क्लिक, म्हणजे त्याच्या नॉबचे टप्पे, पूर्ण घट्ट स्थितीपासून मोजून वहीत. ब्रेक ऑइल नव्या सीलबंद बाटलीतलं. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली दमट हवेतलं पाणी ओढून घेते.

आता टायर. प्रत्येकावर पिवळ्या मार्करने सेट, चाकाची जागा आणि किती वेळा तापून थंड झाला ते लिहा. आपल्या हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, आणि ती ओली हवा भरली की तापल्यावर प्रेशर किती वाढेल याचा अंदाज चुकतो. टाकी रोज निथळवा. जमलं तर नायट्रोजनचा सिलिंडर न्या. गेज एकच, शेवटपर्यंत तोच. तापमान १० अंश वाढलं की प्रेशर साधारण दीड पीएसआय वाढतं, त्यामुळे पिटमध्ये गाडीची एक बाजू उन्हात असेल तर त्या बाजूचं ‘थंड’ (ट्रॅकवर जाण्याआधीचं) प्रेशर फसवं असतं. ताडपत्री न्याच.

ट्रॅकवर ड्रायव्हरने शेवटची लॅप हळू न करता थेट पिटमध्ये यायचं. सुई टोचायचा पायरोमीटर (रबराच्या आतलं तापमान मोजणारं यंत्र) वापरा. इन्फ्रारेड गन फक्त वरची कातडी दाखवते आणि ती पिट लेनमध्येच निवते. प्रत्येक टायरवर आत, मध्ये, बाहेर अशा तीन जागा, आणि लगेच गरम प्रेशर. समजा आत ९५, मध्ये ८२, बाहेर ७० अंश आले: निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेचा आत झुकाव, जास्त झाला. आतली कड थोडी गरम असावीच, पण इतकी नाही. मधला आकडा दोन्ही कडांच्या वर गेला तर हवा काढा. एका वेळी एकच बदल. लॅप टाइम सुधारला म्हणून दोन गोष्टी एकदम फिरवायचा मोह होतो, आणि मग नक्की कशाने फरक पडला ते कुणालाच सांगता येत नाही. ड्रायव्हरला आकडे दाखवण्याआधी त्याचं म्हणणं लिहून घ्या: पुढून ढकलते (स्टिअरिंग वळवूनही पुढचा भाग सरळ सरकतो) की मागून सुटते (मागचा भाग घसरतो), वळणात शिरताना की बाहेर पडताना.

घाटातून आणि खड्ड्यांतून गेलेल्या गाडीचा टो पोहोचल्यावर पुन्हा मोजायचा, हे ट्रकमध्ये दोरा चढवतानाच ठरवून ठेवा. आणि दिवसाची शेवटची फेरी राखून ठेवा सकाळच्या पहिल्या सेटअपसाठी, सकाळच्याच टायरवर. दिवसभरात टायर किती उतरला आणि ट्रॅक किती बदलला याचा अंदाज तिथे मिळतो, आणि मधले सगळे आकडे त्या हिशेबाने वाचायचे.