आर्ग्युमेंटचे डिफॉल्ट आणि चुकणारी पट्टी: या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानासाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहायचा आहे असं धरा. माल विकला की शेतकऱ्याला पट्टी द्यायची: विक्रीची रक्कम, त्यातून हमाली आणि तोलाई वजा, उरलेले पैसे त्याचे. त्यासाठी पट्टी_करा नावाचं फंक्शन आहे. फंक्शनला दिलेल्या मूल्यांना आर्ग्युमेंट म्हणतात. पोती, वजन आणि भाव दरवेळी द्यायचे. हमाली-तोलाई दिली नाही तर नेहमीचा दर, म्हणजेच डिफॉल्ट, धरायचा. इथे डिफॉल्ट चुकला तर प्रोग्राम सहसा बंद पडत नाही. पट्टी व्यवस्थित छापून येते, फक्त आकडा चुकीचा असतो आणि पैसे शेतकऱ्याचे जातात. म्हणून या चुका मला किरकोळ वाटत नाहीत.

सगळ्यात जास्त दिसते ती शून्याची चूक. हमालीचा डिफॉल्ट नन (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेवतात आणि आत लिहितात: हमाली = हमाली ऑर १०. पण पायथन ० सुद्धा 'नाही'तच धरतो. शेतकऱ्याने स्वतःची माणसं आणून माल उतरवला, म्हणून तुम्ही मुद्दाम हमाली=० दिली. 'ऑर'ने ते शून्य टाकून दिलं आणि पोत्यामागे १० रुपये लावले. ४० पोत्यांवर ४०० रुपये फुकट कापले गेले. त्याऐवजी 'इफ हमाली इज नन' असं सरळ विचारा. नन म्हणजे काही सांगितलंच नाही. शून्य म्हणजे सांगितलंय, आणि ते शून्य आहे. पर्ल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत दोन उभ्या दांड्यांचं (||) ऑपरेटर हाच घोळ घालतं. २००७ साली आलेल्या ५.१० आवृत्तीपासून तिथे दोन तिरप्या रेघांचं (//) ऑपरेटर आहे, ते मूल्य खरोखर अनडिफाइन्ड, म्हणजे ठरलेलंच नसेल तरच डिफॉल्ट घेतं.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. फंक्शनच्या व्याख्येत पॅरामीटरपुढे (आर्ग्युमेंट घेणाऱ्या नावापुढे) थेट हमाली=१० लिहिलं आणि स्क्रीनवरचा रकाना रिकामा राहिल्याने कॉलमध्ये, म्हणजे फंक्शन वापरताना, नन आला, तर १० धरले जात नाहीत, ननच आत जातो. डिफॉल्ट लागू होतो तो आर्ग्युमेंट दिलंच नसेल तेव्हा.

पकडायला अवघड चूक वेगळी आहे: कपाती=[] असा रिकाम्या लिस्टचा डिफॉल्ट. डेफची ओळ (जिथे फंक्शनची व्याख्या सुरू होते ती) चालते तेव्हा पायथन ही लिस्ट एकदाच तयार करतो आणि पुढे प्रत्येक कॉलला तीच वापरतो. फंक्शन त्यात अपेंड करत (भर घालत) असेल तर पहिली पट्टी बरोबर येते, दुसऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीवर पहिल्याचीही तोलाई चढते, तिसऱ्यावर दोघांची. एकच पट्टी काढून टेस्ट केलं तर काहीच कळत नाही. प्रोग्राम बंद करून चालू केला की सगळं सुरळीत होतं, आणि हीच याची खूण. खात्री करायची असेल तर फंक्शनच्या नावापुढे टिंब देऊन, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेलं डिफॉल्ट्स (__defaults__) प्रिंट करा. साचलेल्या कपाती तिथे दिसतील. डिफॉल्ट नन ठेवा, लिस्ट आत तयार करा. डिफॉल्टमध्ये आजची तारीख काढून ठेवली तरी असंच होतं: प्रोग्राम सोमवारी सुरू केला असेल तर गुरुवारच्या पट्टीवरही सोमवारच.

आता नावांकडे. पट्टी_करा(४०, २०, १५०००, १०, ३) यात १० हमाली की तोलाई? क्रम उलटा झाला तरी पायथन हूं की चूं करत नाही. पॅरामीटरच्या यादीत हमालीच्या आधी एक सुटा स्टार (*) टाका. २००८ च्या पायथन ३.० पासून ही सोय आहे. मग पुढची आर्ग्युमेंट नाव घेऊनच द्यावी लागतात, नाहीतर टाइपएरर येतो. पैशाचा प्रत्येक आकडा स्टारच्या पुढेच असावा, असं माझं ठाम मत आहे.

आणि गरज नसताना दोन स्टारवालं केडब्ल्यूआर्ग्ज (**kwargs, जे कुठल्याही नावाचं आर्ग्युमेंट घेतं) लावू नका. ते असलं की 'हमालि=०' अशी ऱ्हस्व-दीर्घाची चूकही गुपचूप गिळली जाते आणि खऱ्या हमालीला डिफॉल्ट लागतो. ते नसेल तर 'अनएक्स्पेक्टेड कीवर्ड आर्ग्युमेंट' म्हणून तिथल्या तिथे अडतं. पर्लमध्ये नावं हॅशमधून (नाव-मूल्याच्या जोड्यांमधून) घेत असाल तर अनोळखी नाव आलं की डाय करा, म्हणजे प्रोग्राम थांबवा, ही तपासणी तुम्हालाच लिहावी लागते.

'मल्टिपल व्हॅल्यूज' असा एरर आला तर एकच पॅरामीटर जागेवरूनही आणि नावानेही दिला गेलाय. आणि पॅरामीटरचं नाव बदलण्याआधी ते कुठे कुठे नावाने वापरलंय ते सगळ्या फाइलींत शोधून घ्या, कारण तो प्रत्येक कॉल तुटणार आहे.