नव्याने बांधलेली बुलेट बॅटरी उतरवते? आधी अर्थिंग बघा

जुनी बुलेट खोलली, चेसी पावडर कोटिंगला दिली, वायरिंग नवं टाकलं, आणि थोड्याच दिवसांत हॉर्न घोगरा झाला. अशा वेळी माणूस थेट रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग, विकत आणायला निघतो. निघू नका. मी मागच्या खेपेला रेग्युलेटर बदलला, मग स्टेटर (वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या स्थिर कॉइल) बदलला, आणि दोष निघाला अर्थिंगच्या, म्हणजे चेसी-इंजिनच्या धातूतून करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाच्या, बोल्टखाली. पुढचं सगळं १२ व्होल्टच्या, प्रायमरी चेनकेसमध्ये (इंजिनपासून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या डब्यात) अल्टरनेटर असलेल्या कास्ट-आयर्न बुलेटसाठी आहे. जावा-येझदीच्या डायनॅमोचं प्रकरण वेगळं, तिथे हे आकडे लावू नका.

पाने, स्क्रू ड्रायव्हर, चिंध्या सांगायला नकोत. मल्टिमीटर डिजिटल हवा आणि त्यातली बॅटरी नवी हवी. ती उतरली की मीटर खोटा, जास्तीचा आकडा दाखवतो. एमरी पेपर, तारेचा ब्रश, दातेरी वॉशर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि व्हॅसलीन जवळ ठेवा. इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प करून घ्या.

बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा आणि काही तास तशीच ठेवून मग मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. अर्धवट बॅटरीवर घेतलेली पुढची सगळी मापं वाया जातात. पाण्याची बॅटरी असेल तर पातळी बघा. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा पाणी भराभर आटतं. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात. आणि बॅटरी जोडण्याआधी कोणतं टोक बॉडीला आहे ते वायरिंगवरून ठरवा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असायचं. ऐकीव माहितीवर उलटं जोडलं तर रेक्टिफायरचे (अल्टरनेटरच्या एसीचं डीसी करणाऱ्या भागाचे) डायोड तिथेच जातात.

आता अर्थिंग. इथे घाई करायची नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चेसी, चेसीपासून इंजिन, चेसीपासून रेग्युलेटरची बॉडी, आणि हेडलाइट केसिंगमधली अर्थची वायर. प्रत्येक जागेचा बोल्ट काढा. नुसता आवळून बघू नका, काढा. खाली रंग दिसला की नाण्याएवढी जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकचा थर, त्यातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून थोडा करंट जातो, म्हणून दिवे लागतात आणि आपण फसतो. इंजिन चेसीला बोल्टने बांधलंय म्हणजे अर्थिंग मिळालंच, हेही धरून चालू नका. मधल्या प्लेटासुद्धा रंगवलेल्या असतात. मी तर आता इंजिन आणि रेग्युलेटर दोन्हींपासून जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेतो.

जोड तपासताना मीटरची पीऽऽ ऐकून समाधान मानू नका. वायरीतली एक तार शाबूत असली तरी मीटर वाजतो. खरी परीक्षा करंट वाहत असताना होते. इंजिन चालू, हेडलाइट लावलेला, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा, ०.२ च्या वर असेल तर ती जागा पुन्हा घासा. मग तेच रेग्युलेटरच्या बॉडीवर. रेग्युलेटर नुकताच बदललाय? तरीही बघा. ज्या ब्रॅकेटवर तो बसतो ते ब्रॅकेटही रंगून आलेलं असतं. पॉझिटिव्ह बाजूही अशीच मोजा: बॅटरीपासून रेग्युलेटरच्या आउटपुटपर्यंत. मधे फ्यूज आणि अँपमीटर असतात, आणि अँपमीटरच्या मागचे नट ढिले निघणं नवीन नाही.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर उपटून "चार्जिंग येतंय का" बघणारा कोणी भेटला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं, बल्ब आणि रेग्युलेटर दोन्ही जातात.

एवढं झाल्यावरच स्टेटर. जोड सोडवा, कॉइलचा रोध मोजा. तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, म्हणून मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करा. कॉइल आणि इंजिनची बॉडी यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. दिसली तर चेनकेसमधून वायरी बाहेर येतात तिथला रबर आणि चेनला घासणारी जागा आधी बघा. रोटर (आत फिरणारा चुंबक) आणि स्टेटरमध्ये सगळीकडून ०.२ मिमीचं फीलर सरकलं पाहिजे. एका बाजूला अडलं तर स्टेटर वाकडा बसलाय. इंजिन चालू करून एसी व्होल्ट मोजा, रेस वाढवली की चढायला हवेत.

रेक्टिफायर वेगळा असेल तर डायोड एकाच दिशेने वाहतो का ते तपासा. मग सगळं जोडून बॅटरीवर मोजा: रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ व्होल्ट. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर बघा, पण त्याच्या अर्थिंगचं माप आधी पुन्हा घ्या. ६० वॅटचा हॅलोजन एकटा पाच अँपिअर खातो, त्यामुळे आयडलला अँपमीटरचा काटा वजात, म्हणजे बॅटरी उतरतेय असा, दिसला तर घाबरू नका.

फ्यूजच्या जागी तार नको. वायरी हँडलपाशी ताणलेल्या नकोत. शेवटी गाडी तापेपर्यंत, भर दुपारी, वीसेक किलोमीटर चालवा आणि गरम असतानाच सगळी मापं परत घ्या, अर्थिंगपासून.