मुलांना घेऊन आयर्लंडच्या गावाकडे: एका दिवसाच्या सहलीत या चुका टाळा

डब्लिनहून मोहरचे कडे बघून त्याच दिवशी परत यायचं म्हणजे जाता-येता सहा तासांहून जास्त वेळ गाडीत जातो. २१४ मीटर उंचीचे ते कडे बघण्यासारखे आहेतच. पण ४ वर्षांच्या मुलाचा अख्खा दिवस मागच्या सीटवर, पट्ट्यात अडकून जातो आणि कड्यावर पोचल्यावर त्याचा हात घट्ट धरून ठेवावा लागतो. भारतातून आजी-आजोबा उन्हाळ्यात आले की हा बेत हमखास ठरतो, कारण त्यांना सगळं दाखवायचं असतं. मोहरला जरूर जा, पण ते कडे आहेत त्या क्लेअर काउंटीत एक रात्र मुक्काम करून.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

आयर्लंड नकाशावर लहान दिसतं. मोटरवेवर अंतर भराभर कापलंही जातं. वेळ खाणारे रस्ते पुढे लागतात: दोन्ही बाजूंना उंच झुडपांचं कुंपण, समोरून गाडी आली तर एकाने मागे घ्यायची, मध्येच ट्रॅक्टर, मध्येच मेंढ्या. ७ फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आली आहे. मोबाइल जी वेळ दाखवतो त्यात मुलांना शू लागणार, भूक लागणार, एकाचा बूट सापडणार नाही, यातलं काहीच धरलेलं नसतं.

मुलं ६-७ वर्षांपेक्षा लहान असतील तर एका बाजूने साधारण तासाभराचा प्रवास आणि दिवसात एकच ठिकाण, एवढंच ठरवा. ही मर्यादा मला अतिशय महत्त्वाची वाटते, कारण दुसरं ठिकाण जोडलं की पहिल्या ठिकाणी मुलांना सतत "चला, चला" म्हणावं लागतं. तासाभरात खूप काही येतं. डब्लिनकरांना किल्डेअरमधलं डोनाडी, विकलोमधला पॉवर्सकोर्ट धबधबा, ग्लेंडालॉक आणि मीथमधला ट्रिमचा किल्ला. गॉलवेहून गॉर्टजवळचं कूल पार्क, कॉर्कहून हरणांसाठी प्रसिद्ध असलेलं डोनरेल, लिमरिकहून करॅचेसचं जंगल.

एखाद्याला गाडी लागत असेल तर रस्ताही निवडून घ्या. ग्लेंडालॉकला सॅली गॅपवरून जाणारा जुना लष्करी रस्ता अप्रतिम आहे, पण वळणावळणाचा आणि दुकान-शौचालय नसलेला. राउंडवुड-लॅरावरून गेलात तर वळणं तुलनेने सौम्य आणि वाटेत गावं लागतात. निघण्याआधी मुलांना दूध भरपूर पाजू नका, हातात मोबाइल देऊ नका आणि जास्तीची पिशवी सीटच्या खिशात ठेवा.

मित्राच्या गाडीतून जाताना मुलांच्या सीटचा प्रश्न हटकून विसरला जातो. उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ३६ किलोपेक्षा कमी असेल तर वयाला साजेशी सीट किंवा बूस्टर कायद्याने सक्तीचा आहे. "जवळच तर जायचंय" म्हणून मांडीवर घेऊन बसणं इथे चालत नाही, आणि अरुंद रस्त्यांवर तर ते जिवावरचं आहे.

फोटो बघून पायवाट निवडणं

ग्लेंडालॉकचे सर्वात सुंदर फोटो स्पिंक नावाच्या डोंगरधारेवरून काढलेले असतात. तिथे जायला ६०० पेक्षा जास्त लाकडी पायऱ्या चढाव्या लागतात आणि पूर्ण फेरीला मोठ्या माणसांनाही साडेतीन तासांच्या आसपास लागतात. बाबागाडी घेऊन आलेली कुटुंबं पायथ्याशी येऊन थबकतात ती यामुळे. त्यांच्यासाठी दोन्ही तळ्यांना जोडणारा ग्रीन रोड आहे: जवळपास सपाट, जंगलातून जाणारा. संत केविनने ६ व्या शतकात स्थापलेल्या मठाचे अवशेष आणि ३० मीटर उंचीचा गोल मनोरा त्या बाजूलाच आहे. ३ किलोमीटरला दोन तास धरा. मुलं काठ्या वेचणार, पाण्यात दगड टाकणार. सहल त्यासाठीच आहे.

वाटेच्या सुरुवातीला पाटी असते. तिच्यावरचं अंतर, वेळ आणि चढ वाचा, आणि दिलेल्या वेळेच्या दुप्पट धरा.

मूल मध्येच बसलं आणि "आता चालत नाही" म्हणालं तर? आधी खायला द्या. बहुतेक वेळा भूकच असते. मग पुढच्या वळणापर्यंतचं काम द्या: पाच वेगळी पानं शोध, लाल खूण कुठे दिसते बघ. तरीही जमेना तर परत फिरा. म्हणूनच आधी अर्धं अंतर दूर नेणाऱ्या सरळ वाटेपेक्षा दर थोड्या अंतरावर परतायला फाटा असलेली वाट बरी.

एकच शब्द पायवाटेच्या जागांसाठी लक्षात ठेवा: एअरकोड. २०१५ पासून इथल्या प्रत्येक पत्त्याला सात अक्षरांचा स्वतंत्र कोड आहे, पण जंगलातल्या वाहनतळाला तो असेलच असं नाही. घरी वायफाय असतानाच जागा नकाशावर खूण करून ठेवा आणि त्या भागाचा नकाशा उतरवून घ्या. विकलोच्या दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसलेले पट्टे आहेत.

उशिरा निघणं आणि वाहनतळावर अडकणं

छान ऊन पडलेल्या रविवारी अकरा वाजता ग्लेंडालॉकला पोचलात तर जागा मिळणं कठीण. मग लोक रस्त्याच्या कडेला गाडी चढवतात आणि रुग्णवाहिकेची वाट अडते. दहाच्या आत पोचा किंवा सरळ दुपारी तीननंतर या. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. जागा नसलीच तर वाट बघत बसू नका. रॅथड्रमजवळचं एव्हनडेल जवळच आहे. १८४६ मध्ये आयरिश राजकीय नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांचा जन्म झाला ती ही इस्टेट. २०२२ पासून तिथे झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा लाकडी मार्ग आहे, तो बाबागाडीलाही चालतो, आणि शेवटी ३८ मीटरचा मनोरा. तिकीट आहे, पण आजी-आजोबांना गुडघे न दुखवता उंचावर नेणारी ही जागा आहे.

न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याचं उलटं आहे. इसवी सनपूर्व ३२०० च्या सुमाराचं, गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा जुनं ते दालन बघायला थेट तिथे गाडी नेता येत नाही. ब्रू ना बोन्याच्या केंद्रातून बसने नेतात आणि आगाऊ तिकीट नसेल तर परत यावं लागण्याची शक्यता मोठी.

हिवाळ्यात उशीर जास्त महागात पडतो. डिसेंबरमध्ये डब्लिनला सव्वाचारच्या सुमारास सूर्यास्त होतो, जंगलात त्याआधीच काळोख दाटतो, आणि काही जंगलांच्या वाहनतळांचं फाटक ठरलेल्या वेळेला बंद होतं. ती वेळ आत शिरतानाच बघून घ्या.

पावसाला घाबरणं, किंवा त्याला छत्रीने तोंड देणं

पाऊस दिसला की बेत रद्द करायचा ठरवलं तर इथे वर्षभर घरीच बसाल. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाईला कसा विरळ होतो, तसंच इथे आहे: अटलांटिकवरून येणारे ढग पश्चिमेच्या डोंगरांवर रिते होतात आणि पूर्व किनारा तुलनेने कोरडा राहतो. त्यामुळे "आयर्लंडमध्ये पाऊस" असं न बघता तुमच्या काउंटीचा अंदाज आणि मेट एरनचं, म्हणजे इथल्या हवामान खात्याचं, रडार बघा. पाऊस अनेकदा तुकड्यातुकड्यांनी येतो. मात्र वाऱ्याचा इशारा असेल, अगदी पिवळाही, तर कडे आणि जंगल दोन्ही टाळा.

छत्री वाऱ्यात उलटी होते आणि मुलाचा हात धरायला तुमचा हात मोकळा राहत नाही. जीन्स भिजली की वाळत नाही. मुलांना अंगभर पावसाळी सूट, गमबूट आणि आत लोकरीचे किंवा फ्लीसचे पातळ थर. गाडीत प्रत्येकाचा कपड्यांचा एक पूर्ण जोड, आई-बाबांच्या मोज्यांसकट.

जेवण तिथे मिळेल असं समजणं

गावातल्या कॅफेचं स्वयंपाकघर दुपारी लवकर आवरतं आणि भाज्यांच्या सूपमध्येही कोंबडीचा स्टॉक असू शकतो, म्हणून शाकाहारी असाल तर विचारा. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि थर्मासमध्ये चहा, यापुढे कुठलंही महागडं सँडविच फिकं. कचरा परत घरी आणायचा. संध्याकाळी पबमध्ये जेवायला थांबलात तर १५ वर्षांखालच्या मुलांना रात्री नऊपर्यंतच, मे ते सप्टेंबरमध्ये दहापर्यंत, तेही पालकांसोबत बसता येतं.

शेत आणि समुद्र यांना बाग समजणं

हिरवीगार टेकडी दिसली म्हणून कुंपण ओलांडू नका. इथे कुणाच्याही शेतातून फिरण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. खूण केलेली वाट शेतातून जात असेल तर फाटक जसं मिळालं तसंच ठेवा. वासरांसोबतच्या गायींपासून लांब राहा.

मुलांसाठीच्या खुल्या शेतांवर कोकरांना हात लावता येतो, आणि मग तोच हात लाडवाकडे जातो. जनावरांमधून येणारा ई. कोलाय जिवाणूचा घातक प्रकार लहान मुलांची मूत्रपिंडं बिघडवू शकतो. हँड सॅनिटायझर पुरेसा नाही. वाहतं पाणी आणि साबण हवा, खाण्याआधी प्रत्येक वेळी. गरोदर बाईने कोकरं जन्मतात त्या काळात मेंढ्यांपासून दूर राहावं.

समुद्रावर लाल-पिवळे झेंडे असतील त्यांच्या मधेच पाण्यात उतरा. वाळूवरून चालत बेटावर जायचं असेल, जसं कोनेमारामधलं ओमी, तर ओहोटीची वेळ बघूनच निघा. किनाऱ्यावर पडलेले जेलीफिश मेलेले दिसले तरी डंख मारतात. कुणी बुडताना किंवा कड्यावर अडकलेलं दिसलं तर ११२ किंवा ९९९ ला फोन करून कोस्ट गार्ड मागा.

घरी आल्यावर मुलं पेंगत असली तरी आंघोळ चुकवू नका. गवतातून आणि नेच्यांमधून फिरल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, केसांच्या रेषेत गोचीड आहे का ते बघायचं असतं. चिकटलेला दिसला तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. तेल, मीठ, काडेपेटी यातलं काही नको. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागेभोवती पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं, तर कधी आणि कुठे फिरलात ते सांगून लगेच डॉक्टरांना दाखवा. गोचीड चावल्याने होणारा लाइम रोग वेळीच कळला तर प्रतिजैविकांनी बरा होतो.