पावसाळी लागवड: पाम आधी ओळखा, मग खड्डा घ्या

पावसाचा जोर बसला की पुढचे काही आठवडे पाम लावायला उत्तम. माती उबदार असते, हवा दमट असते आणि पामची नवी मुळे अशाच वेळी जोमाने सुटतात. मात्र रोप आणण्याआधी ते नेमके कोणते हे पक्के करा. या कुळात सुमारे २,६०० जाती आहेत. कुंडी किती खोल लागेल, मुळे तुटलेली चालतील का, फुलल्यावर झाड जगेल का, हे सगळे जातीवर ठरते.

पहिली गाळणी लावायची ती पाम नसलेल्या झाडांना. सायकसला ‘सागो पाम’ म्हणून विकतात, पण त्याची नवी पाने एकाच वेळी झुबक्याने येतात आणि कोवळ्या पर्णिका (पानाच्या लहान पट्ट्या) गुंडाळलेल्या असतात. खऱ्या पामला पान एकेक येते, मिटलेल्या सुईसारखे सरळ वर. ट्रॅव्हलर्स पामची पाने केळीसारखी असून दोनच बाजूंना पंख्यासारखी पसरतात; तोही पाम नव्हे.

आता पान पाहा. पंख्याच्या आकाराचे, की पिसासारखे? माशाच्या शेपटीसारख्या तुकड्यांचे, दोनदा विभागलेले पान फक्त भेर्ली माडाच्या गटात मिळते. पिसासारखे असेल तर पर्णिका मधल्या दांड्याला चिकटते तिथली घडी बघा. ती पाणी धरणाऱ्या पन्हळीसारखी वर उघडी असेल आणि देठाजवळच्या पर्णिकांचे टोकदार काटे झाले असतील, तर झाड शिंदी-खजुराच्या गटातले. माड, पोफळ, रॉयल पाम यांच्यात घडी उलटी, म्हणजे पाणी ओघळून जाईल अशी असते.

तिसरी खूण खोडाच्या शेंड्याला. पोफळ, रॉयल आणि फॉक्सटेल यांच्यात पानांच्या आवरणांची गुळगुळीत हिरवी नळी तयार होते. माडाला ती नसते. तिथे तंतूंची जाळी दिसते. अरेका पाम म्हणून मिळणारे झाड बुंध्यातून अनेक खोडे काढते आणि त्याचे देठ पिवळट असतात. पोफळ मात्र एकखोडी. रॉयल पामला अनेक ठिकाणी बॉटल पाम म्हणतात आणि इथेच जागेचा घोळ होतो. खरा बॉटल पाम ३-४ मीटरवर थांबतो, फुगवटा बुंध्याशी असतो आणि डोक्यावर मोजकीच पाने असतात. रॉयल २० मीटरच्या वर जातो आणि त्याची गळणारी झावळी चांगलीच जड असते. म्हणून तो विजेच्या तारांखाली लावू नका, भिंतीपासून ५-६ मीटर दूर ठेवा.

अगदी लहान रोपांवर या खुणा चालत नाहीत. बहुतेक जातींची पहिली पाने साधी, अखंड असतात, त्यामुळे बी पेरतानाच नावाची पट्टी लावा.

एकखोडी भेर्ली माड फुलायला लागला की फुलोरे वरून खाली येत जातात आणि शेवटचा फुलोरा संपल्यावर झाड मरते. लावणाऱ्याला हे आधी माहीत हवे.

खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद घ्या, खोली मात्र गड्ड्याइतकीच. सर्वांत महागात पडणारी चूक खोल लावण्याची. मुळे खोडाच्या तळातून फुटतात. तो भाग मातीत गाडला तर मुळांना हवा मिळत नाही, लोह आणि मँगेनीज उचलले जात नाही, आणि झाड काही वर्षे रखडून मरते. खड्डा आधी पाण्याने भरून बघा; दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर जागा बदला किंवा उंचवटा करा. खड्ड्यात रासायनिक खत टाकू नका. आधार द्यायचा तर खोडाला खिळा मारू नका, कारण पामची जखम कधीच भरून येत नाही.

जमिनीतून काढून हलवायचे झाड खोड धरलेले असावे. ताड आणि बिस्मार्किया हलवणे टाळाच. सबाल पामची तुटलेली मुळे मरतात आणि सगळी नवी मुळे बुंध्यातून यावी लागतात, म्हणून हलवताना त्याची सर्व पाने काढतात.

बी ताजेच हवे. गर काढून २४-४८ तास पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. भेर्ली माडाचा गर हाताळताना हातमोजे घाला. त्यातल्या सूक्ष्म स्फटिकांनी कातडीची आग होते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, सच्छिद्र खनिज दाणे) समप्रमाणात घेऊन बी जेमतेम झाका, ३० अंशांच्या आसपास ऊब ठेवा. वॉशिंग्टोनिया दोन-तीन आठवड्यांत उगवतो. फॉक्सटेलला काही महिने लागतात. ताड व बिस्मार्कियाचा कोंब आधी खोल जातो, त्यांना किमान ३०-४५ सेंटीमीटर खोल कुंडी द्या.

नवी वाढ दिसल्यावर खत सुरू करा. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ८-२-१२-४ या प्रमाणातले, हळूहळू विरघळणारे खत दर चौरस मीटरला सुमारे ७० ग्रॅम, तीन महिन्यांनी एकदा. जुन्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके आणि करपलेली टोके म्हणजे पालाशची कमतरता. अशी पाने कापू नका. झाड त्यांच्यातूनच पालाश काढून नव्या पानांना देते. कापली तर कमतरता वर सरकते. नवे पानच आखूड, सुरकुतलेले, जळाल्यासारखे आले तर मँगेनीज कमी आहे.

पावसात रोज शेंड्याकडे नजर टाका. एकखोडी पामला वाढीचा एकच कोंब असतो, तो गेला की झाड गेले. उघडलेल्या पानावर त्रिकोणी काप दिसला तर गेंड्या भुंगा. निंबोळी पावडर एक भाग व वाळू दोन भाग मिसळून आतल्या तीन पानांच्या बेचक्यांत भरा आणि जवळ कुजणारे शेणखताचे ढीग ठेवू नका; भुंगा तिथेच वाढतो. सुई, म्हणजे शेंड्याचे न उघडलेले पान, मलूल होऊन ओढताच हातात आली आणि दुर्गंध आला, तर कोंब कुजतो आहे. कुजका भाग निरोगी भाग लागेपर्यंत काढा आणि १० टक्के बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावा: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करून. नवी सुई येईपर्यंत शेंडा पावसापासून झाकून ठेवा. आजूबाजूच्या झाडांवर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा.