काठी, सावली आणि सर्वांत लहान दिवस: नागपुरात या चुका टाळा

वर्षातला सर्वांत लहान दिवस म्हणजे २१-२२ डिसेंबर. त्या मध्यान्ही नागपुरात १ मीटर काठीची सावली साधारण ९८.५ सेंमी पडते, म्हणजे जवळपास काठीएवढीच. ऋतू का बदलतात हे समजावायला याहून सोपं साधन नाही. तरी मोजमाप फसतं.

घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली, असं धरू नका. प्रमाणवेळ ८२.५° रेखावृत्ताची आणि नागपूर ७९.१° वर, त्यामुळे इथली मध्यान्ह या दिवसांत साधारण १२:१२ ला होते. बाराला मोजलं तर लांबीत जेमतेम ३ मिमीचा फरक पडतो. पण त्या सावलीवरून उत्तर दिशा आखली, तर रेघ सुमारे ४ अंश पश्चिमेकडे जाते. ११:५० ते १२:३५ दर पाच मिनिटांनी खडूने खूण करा आणि सर्वांत आखूड सावली घ्या.

गच्ची सपाट दिसते, पण पाणी वाहून जायला तिला उतार दिलेला असतो. सावलीच्या दिशेने मीटरला १ सेंमी उतार असेल तर सावलीही सुमारे १ सेंमीने चुकते. काठी एका लाकडी पाटावर उभी करा आणि पाटाखाली पाचर देऊन तो समतल करा. काठी सरळ उभी आहे का ते ओळंब्यानेच पाहा, नजरेच्या अंदाजाने नको. टोकाची कड धूसर दिसणारच, कारण सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. हा धूसर पट्टा जवळपास २ सेंमीचा असतो, त्याच्या मधोमध खूण करा.

खरा घोटाळा गणितात होतो. सावली भागिले काठी करून टॅन इन्व्हर्स काढला की ४४.६° येतात, म्हणजे सूर्य थेट डोक्यावरून तेवढा कललेला. त्यातून नागपूरचे अक्षांश २१.१५° वजा केले की उरतात सुमारे २३.४°, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचा कल. भागाकार उलटा केला तर ४५.४° मिळतात. ती सूर्याची क्षितिजापासूनची उंची! त्यातून अक्षांश वजा केले की २४.२५° येतात आणि उत्तर खरंच वाटतं. बरंच उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेल्या गावी ही चूक लगेच डोळ्यात भरली असती. इथे दोन्ही कोन ४५° च्या आसपास असल्याने ती लपते.

ढग आले तरी हळहळू नका. १७ ते २६ डिसेंबर सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून तो उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश आहे ते) ०.१° सुद्धा बदलत नाही.

आता समजुतीतल्या चुका. हिवाळ्यात सूर्य लांब जातो, ही सर्वांत चिवट. उलट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किमीवर असतो, जुलैत १५.२ कोटींवर. थंडी पडते ती किरण तिरपे येतात म्हणून (डिसेंबरच्या मध्यान्ही १ चौरस मीटरचा झोत १.४ चौरस मीटर जमिनीवर पसरतो) आणि दिवस जेमतेम १० तास ५० मिनिटांचा असतो म्हणून.

सर्वांत लवकर सूर्यास्तही सर्वांत लहान दिवशी होत नाही. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होऊन जातो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर. उत्तरायण मात्र याच दिवशी सुरू होतं, संक्रांतीला नाही. राष्ट्रीय दिनदर्शिकेत २२ डिसेंबर म्हणजे १ पौष.

नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने सूर्य इथे दोनदा डोक्यावर येतो, २६ मेच्या सुमारास, ऐन नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), आणि जुलैच्या मध्यावर. २१ जूनला तो थोडा उत्तरेला सरकलेला असतो. पाऊस नसलाच तर त्या मध्यान्ही तीच काठी लावा: सावली ४ सेंमीची, आणि तीही दक्षिणेला.