२५ मीटरवर गोळ्या खाली-डावीकडे का जात होत्या

दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये माझा हात बसला होता. त्या टार्गेटचा मधला, दहा गुणांचा गोल अवघा ११.५ मिमीचा, म्हणून वाटलं, २५ मीटरवरचा ५० मिमीचा गोल सोपाच जाईल. पण पॉइंट टू-टू (०.२२ इंची काडतुसाचं, सुटताना धक्का देणारं) पिस्तूल हातात आलं आणि गोळ्या खाली-डावीकडे जाऊ लागल्या. मी उजव्या हाताने नेम धरते. साइटचे (नेम धरायच्या खुणांचे; एक पुढे, एक मागे) स्क्रू फिरवून पाहिले, काही दिवस गेले, फरक शून्य.

इंदूरच्या रेंजवर आमचे सर एकदा म्हणाले, "ताई, पिस्तूल मी भरून देतो." काही वेळा ते न सांगता चेंबर (गोळी बसते तो कप्पा) रिकामंच ठेवायचे. अशाच एका वेळी ट्रिगर दाबला, नुसता 'टक' आवाज झाला आणि नळीने चक्क खाली मान घातली. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. धक्का येणार म्हणून मनगट आधीच दाबलं जात होतं.

दुसरी चूक नजरेची. मी टार्गेटकडे बघत होते, त्यामुळे दोन्ही साइट एका रेषेत आहेत का हे कळत नव्हतं. दोन साइटमध्ये ३० सेंमी अंतर धरलं, तर पुढची साइट १ मिमी हलली की १० मीटरवर गोळी ३३ मिमी चुकते, २५ मीटरवर ८३. दोन्ही साइट एका रेषेत राहून अख्खा हात १ मिमी बाजूला सरकला तर मात्र चूक तेवढीच, १ मिमी.

मग रोज घरी, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, कोऱ्या भिंतीसमोर ट्रिगरचा सराव सुरू केला. नजर फक्त पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर. तीन आठवड्यांनी छिद्रं मधल्या काळ्या भागात आली, स्क्रूला हात न लावता.